नाटक नव्हतं ते

"ऊठ, पुरे झालं तुझं नाटक."

शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं दोन्ही हातांनी सावरत भावाच्या घराचा जिना चढणाऱ्या आत्याच्या कानांवर हे शब्द पडले आणि तिचा पाय वळणावरच थबकला. आवाज भावजयीचा होता, शब्दही तिचेच होते... याच शब्दांनी आत्या आजवर कितीदा तरी शुद्धीवर आली होती. पण आज ती तर आपल्या पायांवर उभी होती! मग हे कुणाला?

दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठकू पडली होती, भावाची एकुलती एक लेक, पंधरा वर्षांची. चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ निळसर, एक हात अंगाखाली मुडपलेला. भावजय कमरेवर हात ठेवून उभी होती. पण तिचा आवाज मात्र शब्दांइतका ठाम राहिला नव्हता.

"काय झालं?" गाठोडं टाकून आत्या गुडघ्यांवर बसली.

"परीक्षेच्या गुणांवरून बोलत होते. रागाच्या भरात माझाही आवाज चढला, तेवढ्यात फोन खणखणला आणि ही पडली. सकाळपासून पोटात काही नाही, दुसरं काय?"

आत्याने पोरीची मान एका बाजूला वळवली, गळ्याचं बटण सोडलं, नाकाशी बोट धरलं. श्वास होता. क्षणभराने ठकूच्या पापण्या हलल्या, आणि इतक्या दिवसांनी आत्याला समोर पाहून ती लहान मुलासारखी हसली.

"आत्या... फोन वाजला, मग छातीत कसंतरी फडफडलं. पाखरू अडकल्यासारखं."

आत्याचा हात ठकूच्या छातीवर गेला. पाखरू... हा शब्द आत्याने उभ्या आयुष्यात कुणापाशी उच्चारला नव्हता. आणि तरी हे पाखरू तिच्या ओळखीचं होतं.

आई झोपेतच गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळकरी होता. पडदे शिवण्याच्या कारखान्यात यंत्रावर बसून आत्याने त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचा संसार मांडून दिला, आणि या सगळ्यात स्वतःचा संसार कधी मांडायचा राहून गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. भावजय वाईट नव्हती, तापट होती. घरात आवाज चढला, की आत्या कोसळायची; दार धाडकन आपटलं, की आत्या जमिनीवर. पहिल्यांदा सगळे घाबरले, मग सगळे वैतागले. तिच्या पडद्यांच्या कामावरून आणि या खोडीवरून घरात थट्टाच रूढ झाली होती, 'पडला पडदा.' भावजय तर एकदा स्पष्टच म्हणाली, "प्रत्येक भांडण या पडून जिंकतात."

आणि मग तो दिवस. छोट्या ठकूचं बोट धरून ती रस्त्याने चालली होती, मागून ट्रकचा भोंगा कर्कश वाजला, आणि जाग आली तेव्हा पोरीची हनुवटी फुटली होती, रक्ताने झबलं माखलं होतं. त्या रात्री भिंतीपलीकडून भावजयीचे शब्द आले, "या घरात त्या तरी राहतील, नाहीतर मी."

सकाळी चहा गाळता गाळता आत्याच म्हणाली होती, "कारखान्याजवळ खोली मिळतेय रे. जाण्यायेण्याचा त्रास वाचेल."

भाऊ वर न पाहता म्हणाला होता, "बरं."

त्या एका 'बरं'ने तिच्या काळजाला जी घरं पडली, ती तिने कुणाला दाखवली नाहीत. त्याचा संसार टिकला ना, मग झालं... असं म्हणत ती इतकी वर्षं एका खोलीत राहिली, पडली तरी एकटीच पडली, उठली तरी एकटीच उठली. आजही भावाच्या घरी मागवलेले पडदे पोचवायला मालक दुसऱ्याला पाठवणार होता. दारातून का होईना, ठकू दिसेल म्हणून तिनेच ते काम मागून घेतलं होतं.

"हिला दवाखान्यात न्यायचं," आत्या म्हणाली.

"एवढ्यातेवढ्याला दवाखाना? खाल्लं की येईल ताळ्यावर."

आत्या उठून उभी राहिली. या घरात तिने कधी शब्दाला शब्द दिला नव्हता. आज तिचा आवाज कापला, पण थांबला नाही. "मला नाटकी म्हणालीस, मी ऐकून घेतलं. आणखी म्हण, आणखी ऐकेन. पण हिला म्हणू देणार नाही. फोन कर त्याला, सरळ दवाखान्यातच ये म्हणावं."

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ठकूच्या छातीला तारा लावून आलेख काढला, तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला अशी चक्कर येते?"

"नाही, कुणालाच नाही," भावजय म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी त्या चकरा नव्हत्याच.

आत्याने भावजयीकडे पाहिलं. बोलावं तर लेकीसमोर आई उघडी पडणार... न बोलावं तर पोरीचं काय? तिने डोळे मिटले.

"मला येते. लहानपणापासून. एकदम मोठा आवाज झाला की."

बाईंनी तिलाही पलंगावर झोपवलं. मग भावाला. तिन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या म्हणाल्या, "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तुमच्या घराण्यात तो जरा जास्त लागतो. यांना सौम्य आहे, या दोघींना जास्त. अशात दचकलं की लय बिघडते, मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस कोसळतो. मग बहुतेक वेळा लय आपोआप जुळते."

"बहुतेक वेळा?" भावाने विचारलं.

"नेहमी नाही."

झोपेत गेलेली आई बहीणभावांना एकदमच आठवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजरा खाली वळवल्या.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "वेळेवर आलात. रोज गोळ्या, नियमित तपासणी, काही पथ्यं. पोरगी शिकेल, नोकरी करेल, तुमच्याशी भांडेलसुद्धा. आणि आत्याबाई, इतकी वर्षं अंगावर का काढलंत हो?"

आत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या दुःखाच्या नव्हत्या. कुणाला कसं सांगावं, की लोक एखादी गोष्ट वर्षानुवर्षं सांगत राहिले की ती आपल्यालाही खरी वाटू लागते... की एकटीच्या खोलीत, फरशीवरून उठताना, तिने स्वतःलाच विचारलं होतं, 'बाई गं, तू खरंच सोंग तर करत नाहीस ना?' आज कुणीतरी सांगितलं होतं, की नाही. ते सोंग नव्हतं. आयुष्यभराचं ओझं कुणी अलगद खांद्यावरून उतरवून घ्यावं, तसं तिला हलकं, अगदी पिसासारखं हलकं वाटलं.

भाऊ तिच्या पायाशी खाली बसला. "ताई, मी त्या दिवशी नुसतं 'बरं' म्हणालो गं. का चाललीस म्हणून विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतंस तर मला रडू आलं असतं, आणि मग जाता आलं नसतं," तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "ऊठ आता. लोक बघतायत."

पंधरवडा गेला. गोळ्या ठकूला मानवल्या होत्या. एका दुपारी भावजय एकटीच आत्याच्या खोलीवर आली. पाणी दिलं ते तिने हातातच धरून ठेवलं.

"वन्सं, मला एक सांगायचंय. ठकू रांगत होती तेव्हाची गोष्ट. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पडला होतात. मी 'पुन्हा नाटक' असं म्हणाले आणि... तुम्हाला ओलांडून आत गेले. दूध उतू जात होतं म्हणून. दवाखान्यातून आल्यापासून मला झोप नाही. त्या वेळी तुमचं हृदय बंद पडत होतं आणि मी दूध उतरवत होते."

आत्याला तो दिवस आठवत होता. शुद्ध परतत होती, डोळे अर्धवट उघडले होते, आणि डोळ्यांवरून साडीचा काठ सरकत गेलेला तिने पाहिला होता. त्या काठाचा रंगसुद्धा ती सांगू शकली असती.

"अगं, मला काय माहीत," ती म्हणाली. "मी बेशुद्ध होते ना."

"खरंच? तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"बेशुद्ध माणसाला कधी कळतं का? वेडी कुठली. पाणी पी."

भावजय घटाघटा पाणी प्यायली आणि मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून मनसोक्त रडली. आत्या तिला थोपटत राहिली. बऱ्याच वेळाने भावजयीने पदराने डोळे पुसले.

"घरी चला. डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हटलंय. ठकूने तिच्या खोलीत तुमच्यासाठी जागासुद्धा केलीय."

"येईन गं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, तुझा मला. भांडणं होणारच."

"होऊ देत की," भावजय नाक ओढत म्हणाली, "हळू आवाजात भांडू."

आधी आत्याला हसू आवरेना, मग भावजयही हसू लागली. हसता हसताच दोघींनी मिळून पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली.