नाही म्हणता येईल असं घर

सकाळची वेळ, भर रस्ता, आणि एका परक्या पुरुषानं मला मागून दोन्ही दंडांना घट्ट धरलं.

आमच्या लेच्चे गावात असं कुणी केलं असतं, तर दुपारच्या जेवणाआधी गोष्ट त्याच्या आजीपर्यंत पोचली असती. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडात वाराच शिरला. साधासुधा नाही... ओरडणं परत घशात ढकलणारा.

"सोडा मला," मी कशीबशी म्हणाले.

"सोडतो. आधी तो खांब धरा."

"सोडा म्हणते ना मी —"

त्यानं सोडलं. लगेच, सभ्य माणसासारखं. आणि मी माझ्या मर्जीविरुद्ध धावतच सुटले. स्कर्ट धरू की पर्स धरू करत शेवटी त्याच खांबाला मिठी मारली. चष्मा उडाला आणि एका दुकानाच्या पायरीवर जाऊन आपटला.

तो शांतपणे गेला, चष्मा उचलला, एक डोळा मिटून त्यातून आकाशाकडे बघितलं. "काडी गेली. काच वाचली. नशीबवान आहात." आणि त्यानं त्याच दुकानाचं दार उघडलं. चष्म्यांचं दुकान. त्याचंच.

मला खरंच धक्का बसला. "म्हणजे तुम्ही इथे उभे राहून गिऱ्हाइकं पकडता?"

"वारा पकडतो. मी फक्त दुकान उघडं ठेवतो." तो हसला. हसताना त्याचे कान चष्म्याच्या काड्यांसकट वर सरकायचे, हे मी खांबाला धरून असतानाच बघून ठेवलं. उगीच.

त्याचं नाव लिवियो. तो काडी जोडत होता आणि मी बोलत होते, कारण बोलल्याशिवाय मला बसता येत नाही. मी कोझिमा, शाळेत शिकवते. दक्षिणेतल्या शिक्षकांना उत्तरेच्या टोकाला पाठवायचं ही आमच्या देशाची जुनी खोड. मला त्रिएस्ते मिळालं, कायमची नोकरी, आणि डोक्यावर छप्पर मात्र नाही. मी नन्सच्या वसतिगृहात उतरले होते. ऑक्टोबर लागला की कॉलेजच्या मुली येणार, तेव्हा खोली रिकामी करायची, हे मदर कोर्नेलिया रोज सूप वाढताना न चुकता सांगायच्या.

"मग? घर बघितलंत एखादं?"

"बघितलं. स्कोर्कोलाच्या टेकडीवर. दलाल म्हणाला, फार हवेशीर आहे. किल्लीसुद्धा दिलीय त्यानं, पुन्हा निवांत बघून घ्या म्हणून."

त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "हवेशीर म्हणाला? आणि दाखवलं कधी, परवा ना? पान हलत नव्हतं तेव्हा?"

"हो... का?"

"बाई, या गावात घर वारा सुटल्यावर बघायचं. चला, दुकान बंद करतो."

बोरा म्हणतात इथे या वाऱ्याला. डोंगरावरून उतरतो आणि शहरातून थेट समुद्रात उडी घेतो. स्कोर्कोलाच्या त्या घराचं दार आम्ही दोघांनी खांद्यानं ढकलून उघडलं. खिडकी पक्की बंद होती आणि पडदा आडवा तरंगत होता. मी बघतच राहिले. शेजारच्या आजी गॅलरीतल्या कुंड्या साखळीनं बांधत होत्या, दारात कुत्रं बांधतात तशा.

"हवेशीर आहे खरं," लिवियो गंभीरपणे म्हणाला.

मी हसले. नको होतं, पण हसले.

त्यानंतर रोज दुपारी शाळा सुटली की तो दुकानाला कुलूप लावून बाहेर उभा असायचा. मी घर बघणार आणि तो नाक मुरडणार, असं ठरूनच गेलं. रोयानोचं घर छान होतं, पण बोट ओलं करून त्यानं खिडकीच्या फटीवर धरलं आणि मान हलवली. समुद्राकाठच्या बार्कोलाला गेलो, तर लोक जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचे कपडे काढून हमरस्त्याच्या फुटपाथवर पोहण्याच्या पोशाखात आडवे झालेले. बस थांबली की उतरणारा माणूस त्यांना ओलांडून जायचा. माझ्या तोंडाचा आ मिटेना.

"यांना लाज नाही वाटत?"

"ऊन आहे तोवर नाही. तुम्ही कधी येणार आहात?"

"मी? इथे? माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप पडलेत इथे, अहो."

"म्हणूनच विचारलं. पालकसभा इथेच उरकून टाकता येईल."

सान जाकोमोला एक घर मला आवडलं होतं, खरं सांगते. खाली चौक, चौकात बाक, बाकावर म्हाताऱ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याची चामडी सोलत बसलेल्या. अगदी आमच्या गल्लीसारखं. पण खिडकीची तावदानं खुळखुळत होती आणि न्हाणीघरात वळायचं तर आधी बाहेर यावं लागायचं. "नको," लिवियो म्हणाला, "जानेवारीत रडाल."

"मग सान व्हीतो? सगळे म्हणतात तिथे वारा लागत नाही, बंदर दिसतं..."

"तिथे रिकामं काही नसतं."

पटकन म्हणाला. आणि त्याचे कान लाल झाले. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर, तेच कान. मी मनात म्हटलं, असेल काही. खरं म्हणजे घर मिळू नये असंच मला वाटायला लागलं होतं. घर मिळालं की दुपारी तो कशाला येणार? आणि ऑक्टोबर तर दाराशी आलेला. एकतीस वर्षांची बाई मी, आणि छप्पर नाही याची काळजी करायची सोडून कानांचा विचार करते... स्वतःचाच राग यायचा.

त्या रविवारी तो म्हणाला, "उद्यापासून हवा बिघडेल. आज समुद्रावर चला. आईला घेऊन येतो मी दर रविवारी."

किनाऱ्यावर पोचलो आणि मी जागच्या जागी थांबले. वाळूतून एक पांढरी उंच भिंत निघून सरळ पाण्यात गेली होती. तिकिटाच्या खिडकीपाशी दोन दारं. एक बायकांचं, एक पुरुषांचं.

"कुठल्या काळात राहता तुम्ही लोक?" मी विचारलं.

"बायकांना विचारा. भिंत पाडायचं कुणी नाव काढलं तर त्याच अंगावर येतात." मग त्यानं माझी ओळख करून दिली. "आई, ही कोझिमा. बाई, ही माझी आई, फुल्विया." आणि एवढं बोलून तो पुरुषांच्या दारातून नाहीसा झाला. मी त्याच्या आईच्या ताब्यात.

भिंतीच्या आत बायकांचं राज्य होतं. कुणी पत्ते खेळतंय, कुणी वरचं काढून पाठ शेकतंय, आणि सगळ्या मिळून भिंतीपलीकडच्या नवऱ्यांचे वाभाडे काढताहेत, तेही पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. काय बघू आणि काय नको असं मला झालं. फुल्वियाबाईंनी डबा उघडला आणि माझ्या हातात गार कटलेट ठेवलं.

"खा, पोरी. सुकलीस. घर मिळालं का?"

"नाही हो. परवा नन्स बाहेर काढतील."

"मग आमच्याकडे का नाही येत? वरचा मजला ईस्टरपासून रिकामा आहे. सान व्हीतोला. वारा मागच्या मागे निघून जातो, खिडकीतून सगळं बंदर दिसतं. लिवियो बोलला नाही?"

घास तोंडातच राहिला. रोज माझ्याबरोबर फिरत होता हा माणूस. रोज. सूप वाढताना मदर कोर्नेलिया काय म्हणतात ते त्याला पाठ होतं. आणि स्वतःच्या घराचा मजला रिकामा ठेवून मला सांगत होता, तिथे काही नसतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही बोलला."

फुल्वियाबाई उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले. "लिवियो! हिला घराचं का सांगितलं नाहीस?"

पत्ते थांबले. मग भिंतीपलीकडून कुणातरी अनोळखी म्हाताऱ्याचा आवाज आला, "तो म्हणतोय, तो पाण्यात आहे."

"मग मीही पाण्यात आहे म्हणावं," मी म्हटलं आणि निघाले.

भिंत समुद्रात थोडी पुढे जाते आणि संपते. तिथे पाय टेकत नाहीत. मी हात मारत टोकाला पोचले तेव्हा लिवियो खरोखरच तिथे होता, आणि स्वतःचा चष्मा काठावर ठेवून आल्यामुळे निळी टोपी घातलेल्या एका आजींना अतिशय कळकळीनं सांगत होता, "कोझिमा, रागावू नका, मी सगळं सांगतो..."

"मला सांग ना, मला चालेल," आजी म्हणाल्या.

"मी इकडे आहे," मी म्हटलं. "आणि तू खोटारडा आहेस." तुम्ही-बिम्ही तिथेच बुडालं. "मी शेजारी नको होते तुला, तर सरळ सांगायचं. मी काय गळ्यात पडणार होते?"

"नको होतीस?" त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो खोकला, भिंतीला धरलं. "ऐक... आधी ऐक. तू आईची भाडेकरू झाली असतीस. खाली आई, जिन्यात रोज मी. मग मी तुला विचारलं असतं —"

"काय विचारलं असतंस?"

"ते... सांगतो. आणि तुला नको असतं तर? मला नाही म्हणायचं, तर तुला घरही सोडावं लागलं असतं. परक्या गावात, भर हिवाळ्यात. आणि समजा घर जाऊ नये म्हणून तू हो म्हटली असतीस... तर ते मला कधी कळलंसुद्धा नसतं." तो दम घ्यायला थांबला. "तुला नाही म्हणता आलं पाहिजे, कोझिमा. म्हणून दुसरीकडे शोधत होतो. नसतंच मिळालं, तर पहिल्या तारखेला किल्ली आणून देणार होतो. आणि मग कधीच काही विचारणार नव्हतो."

मी पाय मारायचं विसरले आणि नाकापर्यंत बुडाले. आजवर मला पुरुषांनी फुलं दिली होती, शपथा घेतल्या होत्या, एकानं तर आमच्या दारात गाणंसुद्धा म्हटलं होतं. पण मला नाही म्हणता यावं म्हणून कुणी रोज दुपारी टेकड्या चढला नव्हता. रागानं रडू येतंय की कशानं, कळेना. समुद्रात ते एक बरं असतं, दिसत नाही.

"आणि विचारणार काय होतास?" मी तोंडातलं पाणी थुंकत विचारलं.

"आवडतेस तू मला. खूप. माझ्याशी... माझी होशील का?"

निळ्या टोपीच्या आजी अजून तिथेच तरंगत होत्या. मी वळले आणि परत पोहत आले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच सान व्हीतोला गेले. फुल्वियाबाईंनी वरचा मजला उघडून दाखवला. खिडकीत खरंच सगळं बंदर होतं, आणि बाहेर वारा सुटलेला असून आत पडदा स्वस्थ. भांडी लावायला फळ्यासुद्धा होत्या. माझा जीव तिथे इतका अडकला की दारापर्यंत यायला मला वेळ लागला.

"मग कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही येत," मी म्हटलं. "घर फार सुंदर आहे. पण मला नको."

"वेडी आहेस का, पोरी? यापेक्षा चांगलं मिळणार नाही तुला."

"ठाऊक आहे हो."

त्यांना काहीतरी उमगलं असावं. मोठं कटलेट कागदात बांधून दिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

तिथून मी निघाले ती थेट सान जाकोमोला. खुळखुळणारी तावदानं, तेच न्हाणीघर. सही केली. चौकातल्या म्हाताऱ्यांनी मी पायऱ्या उतरायच्या आत माझं वय, गाव आणि लग्न, सगळं विचारून घेतलं.

मग लिवियोच्या दुकानात शिरले. आत एक आजोबा खुर्चीवर बसले होते, एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यानं भिंतीवरची अक्षरं वाचत. लिवियोनं मला बघितलं आणि अक्षरांवरची त्याची पट्टी भलत्याच ओळीवर गेली.

"घर घेतलं," मी म्हटलं. "सान जाकोमोचं."

"ते? अगं, जानेवारीत —"

"रडेन. माझ्या घरात रडेन. तुझ्या आईला नको म्हणून सांगून आलेय." मी किल्ली काचेच्या टेबलावर ठेवली. "आता विचार. समुद्रात विचारलंस ते."

"आत्ता? इथे?" त्यानं आजोबांकडे बघितलं.

"माझं काही नाही," आजोबा म्हणाले, "मी इथलं सगळंच पुसट बघतोय."

लिवियो टेबलाच्या अलीकडे आला. कान लालभडक. "कोझिमा... माझी होशील का?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. पण तो वाद घालायला आला नाही, रागावला नाही. त्यानं मान हलवली, किल्ली उचलली आणि नीट माझ्या तळहातावर ठेवली. "बरं," तो हळूच म्हणाला. "तावदानांना मात्र लांबी भरून देतो मी. तेवढं करू दे."

मी त्याचा हात सोडला नाही.

"बघत होते, म्हणता येतं का," मी म्हटलं. "येतं. आता परत विचार."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आजोबांनी डोळ्यावरचं झाकण काढलं आणि मान पुढे केली.

"विचार की रे," ते म्हणाले.

त्यानं विचारलं. अर्धंच विचारून झालं होतं... तेवढ्यात मी हो म्हटलं.