पुन्हा मोजा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या काकूला उगाच तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी तीनची. तापाच्या साथीतली.

काकू त्या वॉर्डात नर्स होती. खोकला, धाप, ऑक्सिजन... प्रत्येक खाटेवर तेच. ती रोज प्रत्येकाचा तक्ता भरायची. वय, मिनिटाला श्वास किती, ऑक्सिजन किती, शुद्ध आहे का. त्या आकड्यांची बेरीज म्हणजे जिवाला असलेला धोका. बेरीज चारच्या वर गेली, की पेशंट वरच्या मजल्यावर, आयसीयूत.

सात नंबरला गणिताचे निवृत्त मास्तर होते.

"सिस्टर, आज किती मार्क?"

"एकच."

"जन्मात पहिल्यांदा नापास होऊन बरं वाटतंय बघा!"

त्याच दुपारी मास्तर गेले.

काकूला सकाळचं मोजणं आठवलं. घाईत तिने त्यांचे श्वास पंधराच सेकंद मोजले होते. मग चाराने गुणले होते.

तिसऱ्या दिवशी ती आठ नंबरच्या मुलीचा तक्ता भरत होती. शेजारच्या पडद्यामागून आवाज आला...

"सिस्टर, पुन्हा मोजा."

तिने पडदा सारला.

सात नंबर रिकामा. गादी गुंडाळलेली.

तिने मुलीचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले. चौतीस! तक्त्यात चोवीस लिहिले होते.

मुलीला लगेच वर नेलं. वाचली.

असं तीनदा झालं. तिघेही वाचले.

मग काका दाखल झाले.

"अगं, तूच आहेस ना?" ते धापा टाकत म्हणायचे. "मास्कमध्ये सगळ्या सारख्याच दिसता."

पहिल्या दिवशी बेरीज दोन. तिसऱ्या दिवशी सहा.

दुपारचे तीन वाजले होते. वर एकही खाट नव्हती. डॉक्टर म्हणाले, "एक मोकळी होतेय. लक्ष ठेवा. काही बदल झाला तर हाक मारा."

काकू श्वास मोजत उभी राहिली. अडतीस... एकोणचाळीस...

अचानक वॉर्डातला सगळा खोकला थांबला.

यंत्रांचा आवाजही.

अगदी कानाशी...

"सिस्टर, आता मोजू नका. हात धरा."

काकूने घड्याळ खाली ठेवलं. काकांचा हात घट्ट धरला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं.

आणि गेले.

दहा मिनिटांनी वरून फोन आला. "खाट मिळाली, पाठवा."

खोकला थांबल्याचं वॉर्डात कुणालाच आठवत नव्हतं.

या गोष्टीला चार वर्षं झाली. परवा भाजी निवडता निवडता काकू मध्येच थांबली.

"मी हाक मारायला हवी होती रे डॉक्टरांना."

"पण मास्तरांनीच सांगितलं ना तुला?"

तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"पहिल्या तिन्ही वेळा मास्तरच होते," ती म्हणाली. "त्या दुपारी... तो आवाज त्यांचा नव्हता."