आत्याची गाडी आणि पॅनेलमागचा स्क्रू

आत्याची जुनी गाडी भर चौकात बोंबलायला लागली, तेव्हा तो पहिल्यांदा दिसला. दारं आपोआप कुलूपबंद, दिवे लुकलुकतायत, अलार्म टिपेला पोचलेला, आणि आत ती. त्याने काचेबाहेरून बॉनेट उघडायची खूण केली, आत हात घातला... आणि शांतता पसरली.

ती ऑडिटर होती. संशय घ्यायचाच तिला पगार मिळायचा. इतक्या सहज अलार्म गप्प करणारा माणूस एकतर वायरमन असतो नाहीतर चोर, अशी तिने मनात नोंद केली. डोळे छान आहेत, ही बाब तळटीपेत टाकली.

तो वायरमन निघाला. दुकान पुढच्याच गल्लीत. लोक त्याला भोंगा म्हणत, कारण तो स्वतः अत्यंत हळू बोलायचा.

"हा अलार्म मागाहून बसवलेला आहे," तो दारात डोकं खुपसून म्हणाला. "बिजागरीपाशी या रबरी नळीत एक वायर तुटलीय. दार हललं की टेकते, सुटते. अलार्मला वाटतं, चोर आला."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं... बरं झालं."

त्याने वायर जोडली. आठवडा उलटतो न उलटतो, तोच गाडी लावून ती वळली आणि अलार्म पुन्हा केकाटला. पुन्हा दुकान. भोंग्याने स्टिअरिंगखालचं पॅनेल उघडलं, आत बघितलं, पॅनेल लावलं, "वायर शाबूत आहे" म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. मग तर तिचा संशय बळावलाच. फुकट काम करणारा माणूस तिने नोकरीत एकदाच पाहिला होता, आणि तो पुढे तुरुंगात गेला.

"अगं, गिऱ्हाईक बांधून ठेवतोय तो," आत्या म्हणाली. "आता वाजली ना, तर सरळ भंगारात."

गाडी वाजली.

तो लबाड निघाला, तर गाडी दुसरीकडे नेता आली असती. पण काम होईपर्यंत दुकानातल्या मोडक्या स्टुलावर घालवलेल्या त्या संध्याकाळी ती कुठे नेणार होती?

"आज मी शेजारी बसून बघणार," तिने जाहीर केलं.

"बसा की. पण संशय कसला?"

"तुम्ही मुद्दाम काहीतरी सैल ठेवता."

अलार्मचा आवाज कामापुरता बंद करून तो स्टिअरिंगमागे बसला, ती शेजारी. दारं मिटली. थोड्या वेळाने अलार्मने आपणहून खट्‌कन चारही कुलपं लावली. दारांवरच्या कुलपाच्या खुंट्या कधीच तुटल्या होत्या आणि रिमोट बाहेर टेबलावर होता.

"हेही मुद्दाम?" ती म्हणाली.

"इतकी हुशारी माझ्यात नाही." तो तिच्याकडे वळला. "मी एक विचारू? गाडी लावल्यावर तुम्ही काय करता?"

"कुलूप लावते. मग लागलंय का बघते."

"कसं बघता?"

तिने दाराचं हँडल धरून दाखवलं. गाडी गदगदा हलली.

"एकच दार?"

"चारही. आणि डिकी." ती थोडी ओशाळली. "दोन-दोनदा."

"अलार्मला हादऱ्याचा सेन्सर असतो," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्यापुढे चोर बिचारे सभ्य."

म्हणजे गाडी तीच वाजवत होती. पण ऑडिटर इतक्यात फाईल मिटत नाही.

"या सेन्सरची ताकद कमी करता येते?"

"येते. पॅनेलमागे बारका स्क्रू आहे."

"पॅनेल तुम्ही दर वेळी उघडत होता."

"हो."

"स्क्रू दिसत होता."

"चांगला दिसत होता." त्याचे कान लाल झाले. "फिरवला असता, तर... तुम्ही परत आला नसता."

तिला एकदम फार बरं वाटलं. संशय खरा निघाल्याचं सुख निराळंच. त्यात तो असा निघावा.

"आत्या गाडी भंगारात घालेल. फिरवा तो."

त्याने निमूटपणे स्क्रू फिरवला. "झालं. म्हणजे उद्यापासून..."

"उद्या तपासायला येणार. परवाही. तुमच्यावर माझा काडीचाही विश्वास नाहीये."

"नकोच ठेवू," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

बाहेर अंधारून यायला लागलं होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काच हाताने फिरवून खाली होते. बाहेर हात घालून किल्लीने दार उघडता येईल."

"माहितीय."

"कधीपासून?"

"कुलपं लागली तेव्हापासून."

काचेचा दांडा तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही.