पोलिसांचे घोडे शेतीत मोडतात का?

पावसाची भुरभुर चालू होती आणि घोडा समोरच्या बाईकडे संशयाने बघत होता.

घोड्याचं काही चुकत नव्हतं. पोलिसांच्या तबेल्यात छत्री घेऊन आलेल्या बाईने सहसा एखादी तक्रार तरी करावी. ही मात्र त्याला खुरापासून आयाळीपर्यंत न्याहाळत होती, हा कुठल्या बाजूने शेतकी वाटतो का म्हणून.

ती सांख्यिकी कार्यालयात होती. सरकारच्या वर्षभराच्या खर्चातून शेतीवरचा खर्च वेगळा काढायचा, हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण शेताकडे जाणारा रस्ता शेतीचा की वाहतुकीचा? कृषी खात्यातला पंखा शेतीवर फिरतो की साहेबांवर? नियम एवढाच, की पैसा कुठल्या खात्याने खर्च केला ते बघायचं नाही, कशासाठी केला ते बघायचं. कृषी खात्याचे निम्मे दावे ती कापायची, म्हणून सगळे तिला 'कात्री' म्हणत. तोंडावर अर्थात 'मॅडम'. यंदा खात्याने पोलिसांच्या घोड्यांचा चाराही 'पशुधन' म्हणून शेतीत घुसवला होता, आणि कात्री कागदावर विश्वास ठेवणारी नव्हती.

तबेल्यात एक तरुण घोड्याला गाजर भरवत होता. दुमडलेल्या बाह्या, ओले केस, आणि गाजर संपत आल्याची खरीखुरी काळजी.

"अहो, हा घोडा शेतीचं काही काम करतो का?" तिने विचारलं.

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "पण त्याला आवड आहे."

"म्हणजे नांगर वगैरे...?"

"परवा बागेतली झेंडूची फुलं खाल्ली म्हणे. सध्या तेवढाच अनुभव."

तिने ओठ घट्ट मिटले. हसली असती तर घोडा मंजूर झाल्यासारखं झालं असतं.

"तुम्हीच बघता का याचं सगळं?"

"मी? छे! मी कृषी खात्यातला. हा दावा आमचाच. आमच्या पशुधनाला मीही आजच पहिल्यांदा भेटतोय." मग तिच्याकडे नीट बघत त्याने विचारलं, "तुम्ही... कात्री ना?"

"मॅडम," ती म्हणाली.

घोडे नामंजूर झाले. तो मात्र दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलासमोर हजर!

त्याची अडचण साधी होती. खर्चाच्या दहा टक्के तरी शेतीवर घालू, असं सरकारने जगजाहीर वचन दिलं होतं आणि आकडा दहाच्या जरा खाली अडकला होता. तो कंत्राटी. "दहावर नेऊन दाखव, तुला कायम करतो," असं संचालकांनी त्याला सांगितलं होतं.

मग तो येतच राहिला. एकदा गोल्फच्या मैदानाचं गवत घेऊन आला.

"हे पीक आहे," तो म्हणाला.

"कापणी कोण करतं?"

"माळी."

"आणि खातं कोण?"

"...सध्या कोणी नाही. पण घोड्याला विचारता येईल."

एकदा कांद्यावरचं एकुलतं एक पुस्तक असलेलं वाचनालय आणलं. एकदा मंत्र्यांच्या बंगल्यातल्या गुलाबांना फलोत्पादन ठरवण्यासाठी तो इतका भांडला, की शेजारच्या टेबलावरचे काका स्वतःचं काम सोडून ऐकत बसले. ती एकेक दावा कापायची, आणि कापताना गालातल्या गालात हसायची. दुपार झाली की तिची नजर आपोआप दाराकडे जायची. नजरेला काही नियम नसतात.

घरी ताईच्या हे लक्षात आलं. ताईच्या काय लक्षात येत नाही!

"काय गं, हा रोज येतो तो तुझ्यासाठी, की दहा टक्क्यांसाठी?"

"ताई, प्लीज."

"मी आपलं विचारलं. आकडा पुरा झाल्यावर आला, तर खरा."

ते वाक्य तिच्या डोक्यात रुतून बसलं. तो हसला की ती हसायची, आणि मग वाटायचं, हे हसू नक्की कशासाठी?

शेवटी एकच दावा उरला, धान्याच्या गोदामाचा रस्ता. तो मंजूर झाला की दहा पुरे! अशा रस्त्याची रीत ठरलेली होती: रस्त्याकडेला बसायचं, वाहनं मोजायची. निम्म्याहून जास्त शेतीची निघाली, तर रस्ता शेतीचा.

दोघं सकाळपासून एका मोरीच्या कठड्यावर बसले. पाऊस थांबला होता. ओल्या गवताचा वास, दोघांत एक थर्मास आणि मोजणीचा एकच तक्ता.

"ट्रॅक्टर! लिहा शेती."

"ट्रॉलीत सोफासेट आहे."

"शेतकऱ्याने बसूच नये का?"

स्कूटरवर दोन गुडघ्यांमध्ये बकरी धरून एकजण गेला. बकरी शेती, हे दोघांना मान्य झालं. दुपारपर्यंत शेती थोडी पुढे होती, त्याचा खांदा तिच्या खांद्याला चुकून लागत होता, आणि चुकून दूर होत नव्हता.

तेवढ्यात ताईचा फोन आला. रेंज नव्हती, म्हणून ती बांधावरून चालत पार पलीकडच्या विहिरीपर्यंत गेली. परत आली तेव्हा रस्ता रिकामा होता. तो तक्त्याकडे बघत बसला होता.

"काय झालं?"

"गाड्यांची रांगच्या रांग गेली. सगळ्या वॉटर पार्कला. एकीच्या तर टपावर रबराची मगर बांधलेली." त्याने तक्ता पुढे केला. सगळ्या गाड्या नीट लिहिलेल्या होत्या. मगरीसह.

शेती हरली होती.

"लिहिल्या नसत्या," ती हळूच म्हणाली, "तर मला कळलंही नसतं."

"हो ना. तोच तर ताप आहे."

"आणि तुमची नोकरी?"

थर्मासमधला उरलेला चहा त्याने तिच्या कपात ओतला.

अहवाल गेला. दहाला थोडं कमीच. आणि तो यायचा थांबला. दुपार झाली की दार नुसतं दारासारखं दिसायचं. शेजारचे काकासुद्धा म्हणाले, "मॅडम, हल्ली करमत नाही हो." ताईने मात्र एका शब्दानेही टोचलं नाही. ते जास्त लागलं.

मग एका दुपारी तीच उठली आणि कृषी खात्यात गेली. तिथली सगळी झाडं प्लास्टिकची होती. संचालक समोरूनच आले, आनंदाने ओसंडून वाहत.

"या, या! कमी भरलं ते फार छान झालं बघा! वचन म्हणजे वचन. दहाला जेवढा कमी पडला तेवढा पैसा अर्थखात्याने मुकाट्याने आम्हाला दिला! माझा पहिल्यापासून हाच डाव होता. त्या मुलाला कायम करून टाकलं. तुमचं काय काम होतं?"

"काम काही नाही."

संचालक गोंधळले. खात्यात काम नसताना येणारी माणसं फक्त नोकरीला होती.

कोपऱ्यातल्या टेबलामागून तो उठून उभा राहिला. कानापर्यंत लाल.

"आला नाहीत," ती म्हणाली.

"काय घेऊन येणार? शेतीत घालण्यासारखं काही उरलंच नाही."

"साहेबांकडे आणखी दावे नव्हते?"

"घोड्यांनंतर साहेबांनी फक्त रस्ता दिला होता. बाकीचं मीच शोधायचो. गोल्फच्या गवतासाठी अख्खा रविवार घातला मी."

ती बघतच राहिली. "गुलाब?"

"मीच."

"कांद्याचं पुस्तक?"

"वाचलंसुद्धा."

"पण मी कापणार, हे माहीत होतं ना?"

"म्हणून तर! मंजूर केलं असतंत, तर पाच मिनिटांत परत फिरावं लागलं असतं. कापायला तुम्हाला चांगला तासभर लागायचा... मी समोर बसलेला असायचो."

इतके दिवस मिटून धरलेले तिचे ओठ सुटले. ती इतकी हसली, की प्लास्टिकच्या झाडांमागून दोन माना वर आल्या.

"उद्या ये," ती म्हणाली.

"काय घेऊन?"

"काही नको. वाद मी काढीन."