शेवटच्या बाकावरची शांत माणसे

साताऱ्याच्या अभय प्रयोगशाळेत त्या दिवशी चोर होण्याची पाळी डॉ. हसन मुकादमांची होती. कँटीनमधली भाजीची सुरी त्यांनी रुमालात गुंडाळून आणली आणि डॉ. केतकी उपळेकरांच्या पाठीला टेकवून, जमेल तितक्या करड्या आवाजात ते म्हणाले, "काढ पैसे! नाहीतर कोथळा बाहेर काढीन."

केतकीने समोरच्या एटीएमच्या धातूच्या पट्टीवर तळहात ठेवला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मुकाट्याने नोटा पुढे सरकवल्या.

"मुकादमसाहेब, तुम्हाला बघून मांजरसुद्धा पळणार नाही."

"आमच्या घरचीही हेच म्हणते," मुकादमांनी सुरी टेबलावर ठेवली. "पण ताई, अडचण खरी आहे. खोट्या चोरापासून खरं भय आणायचं कुठून?"

अडचण खरीच होती. परदेशी जाणाऱ्या प्रवाशांची लूट तेव्हा फार वाढली होती. नवख्या शहरात उतरलेला माणूस विमानतळावर सिम घ्यायला रांगेत उभा राही. चोर तिथेच त्याला हेरत आणि आडबाजूच्या एटीएमसमोर नेऊन मानेला पाते लावत. कार्ड खरे, पासवर्ड खरा, अंगठा खरा. यंत्राला सगळे बरोबर दिसे आणि ते पैसे देऊन टाकी. काही टोळ्या तर प्रवाशाला दुकानात उभे करून त्याच्याच नावाने नवे सिम काढायला लावत. मग नंबर त्यांचा आणि नंबराच्या मागून खातेही त्यांचे.

केतकीने प्रश्नच बदलला होता. हा माणूस कोण आहे, एवढे विचारून भागत नाही. हा माणूस स्वखुशीने आला आहे का, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर तोंड देत नाही, शरीर देते. तळहाताचा घाम, नाडीची अडखळ, बोटांतली डोळ्यांना न दिसणारी थरथर, बुबुळाचा विस्तार. या साऱ्यांचा मेळ घालून तिचा भयमापक एक आकडा काढी. त्याला ती भयांक म्हणे. भयांक ठरल्या रेषेच्या वर गेला, की यंत्राने पैसे द्यायचे नाहीत आणि दुकानाने सिम द्यायचे नाही. घाबरलेल्या माणसाकडून काहीच मिळत नाही, हे एकदा चोरांना कळले की ते माणसाला घाबरवायचेच सोडतील.

पण भय कसे दिसते, हे यंत्राला आधी शिकवायला हवे होते आणि त्यासाठी घाबरलेली माणसे हवी होती.

"इस्पितळात जा," केतकी म्हणाली. "ऑपरेशन चालू असतं तेव्हा बाहेर नातेवाईक बसतात. त्यांच्याइतकं खरं भय दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. रीतसर परवानगी घ्या आणि बाकांच्या हातांवर आपल्या पट्ट्या बसवा."

मुकादम सगळा हिवाळा शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात जाऊन बसले. परत आले ते दोन्ही प्रकारचे नमुने घेऊन. घाबरलेल्यांचे होतेच, शिवाय शांत माणसांचेही होते.

"शांत माणसं कुठे मिळाली तुम्हाला तिथे?" केतकीला नवल वाटले.

"तिथंच की. बोळाच्या टोकाला, खिडकीखाली, शेवटच्या बाकावर. सगळे नाही, पण काही माणसं तिथं येऊन बसत, ती इतकी शांत की काय सांगू ताई! नाडी संथ, हात स्थिर, घामाचा टिपूस नाही. आपल्या प्रयोगशाळेतली माणसंही एवढी शांत नसतात."

"पेशंट बरा झाला असेल. घरी न्यायची वाट बघत असतील."

"असतील. मी काही विचारलं नाही. पट्टीवर हात ठेवाल का म्हटलं, की ठेवत. कशासाठी, म्हणून एकानंही विचारलं नाही."

केतकीने ते नमुने 'शांत' या नावाखाली यंत्राला शिकवले आणि यंत्र चुकायचे थांबले.

मुकादमांना मात्र चैन पडेना. एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "ताई, ही बाकावरची माणसं दुसऱ्यासाठी घाबरली होती. चोरापुढचा माणूस स्वतःसाठी घाबरतो. एकच का ते?"

"शरीराला फरक कळत नाही, साहेब. काहीतरी हातचं जाणार आहे, एवढंच त्याला कळतं. भय म्हणजे तेवढंच. ज्याच्याकडे जायला काही उरलेलं नाही, तो कशाला भिईल?"

"मग एखादी किल्ली ठेवू या. बँकेतल्या एखाद्या माणसानं खात्री करावी आणि कुलूप उघडावं."

"किल्ली ठेवली की चोर किल्लीवाल्याच्या मानेला सुरी लावेल. किल्ली नको. माझ्याकडेही नको."

"आणि ज्याला खरोखरच गरज असेल?"

"तो घोटभर पाणी पिईल, दम खाईल आणि परत येईल."

मुकादमांनी कपातला तळाचा चहा बशीत ओतला. "बघा बुवा. कुंपण इतकं उंच नको, की मालकालाच बाहेर झोपावं लागेल."

केतकी हसली होती. किल्ली ठेवली गेली नाही.

काही वर्षांत भयमापक जगभर पोचला. लुटीच्या बातम्या आटल्या. केतकीचा नवरा लवकर गेला होता. घरात ती आणि लेक ओवी, दोघीच. ओवी मोठी झाली आणि डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात, तिबिलिसीला गेली. आईने येऊन बघावे म्हणून तिने दोन वर्षे धोशा लावला, तेव्हा कुठे केतकीने तिकीट काढले. निघायच्या आदल्या दिवशी ओवीचा लांबलचक आवाजी निरोप आला.

"आई, नीट ऐक, मध्येच बंद करू नकोस. उतरल्या उतरल्या सिम घे. विमानतळावर महाग पडतं, पण लहानातलं लहान घे, मला एक फोन करण्यापुरतं. मोठं आपण गावात घेऊ. रस्त्यावर सिम विकणाऱ्यांकडे बघूसुद्धा नकोस. पासपोर्ट कुणाच्या हातात सोडू नकोस. दोन कार्डं दोन ठिकाणी ठेव. पैसे बँकेच्या आतल्याच एटीएममधून काढ, भिंतीतल्या नको. आणि हे महत्त्वाचं, मशीन तुला विचारेल, हिशेब रुपयांत करून देऊ का? अगदी आपलेपणानं विचारेल. भुलायचं नाही. नाही म्हणायचं! रुपयांचा भाव ते स्वतः लावतात आणि आपल्याला कापतात. जगाला शहाणं केलंस आणि स्वतःचा पासवर्ड चहाच्या डब्यावर चिकटवलायस, म्हणून सांगते. तू येईपर्यंत मी डोंगरात जाऊन येते, मेस्तियाला. जुई आली असती, पण तिची परीक्षा आहे. चल, ये लवकर. मेतकूट विसरू नकोस."

केतकी उतरली तेव्हा तिच्या पिशवीत मेतकूट होते आणि फाटकापाशी ओवी नव्हती. तिच्या खोलीत राहणारी जुई डोंगरदिवे उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

"काकू, घाबरू नका," जुई म्हणाली, आणि तिलाच हुंदका आला.

मेस्तियाहून परतताना दरड कोसळली होती. ओवीची गाडी दरीकडे घसरली. इतरांना खरचटण्यावर निभावले होते. ओवीच्या पोटात रक्तस्राव होत होता. तिथल्या लहान दवाखान्यात शस्त्रक्रियेची सोय नव्हती. रस्ता गाडला गेला होता. सरकारी हेलिकॉप्टर पलीकडच्या खोऱ्यात अडकलेल्या बसकडे गेले होते. खाजगी वैमानिक तिबिलिसीत एकच होता, झुराब नावाचा. दरडीने डोंगरातली संदेशवाहिनी तोडली होती, त्यामुळे त्याला वरच्या तळावर इंधनाचे पैसे रोखच द्यावे लागणार होते. ते हातात पडल्याशिवाय तो पंखा फिरवणार नव्हता. तिकडचा डॉक्टर उपग्रह-फोनवरून जुईला कळवत होता. संध्याकाळपर्यंत पोरगी इकडे पोचली तर वाचेल, असे त्याने सांगितले होते.

"पोरांनी वर्गणी काढली काकू, पण निम्मीही भरली नाही. माझं खातं उघडतच नाही. मशीन म्हणतं, तुम्ही दबावाखाली आहात."

केतकी आधी सिमच्या खिडकीकडे धावली. झुराबशी बोलायला तिला स्वतःचा नंबर हवा होता. खिडकीतल्या मुलीने पट्टी पुढे केली. केतकीने हात ठेवला. तांबडा दिवा लागला. मुलगी हळू आवाजात बोलली आणि केतकीच्या कानातल्या भाषाकर्णिकेने ते मराठीत उतरवले, "बाई, तुम्हाला कोणी धमकावतंय का? पोलिसांना बोलावू?"

"नाही हो! माझी मुलगी..."

"हो, असंच सांगायला लावतात," मुलगी कळवळून म्हणाली. तिला तसेच शिकवले होते. शिकवणीची पुस्तिका केतकीने लिहिली होती.

दोघी शहरातल्या मोठ्या बँकेत आल्या. रविवार असल्याने आत एटीएमचा दिवाणखाना तेवढा उघडा होता आणि दाराशी एक म्हातारा रखवालदार होता. केतकीने पहिले कार्ड घातले. नकार. दुसरे कार्ड दुसऱ्या खिशातून काढले. नकार. 'आपल्या सुरक्षिततेसाठी हा व्यवहार थांबवला आहे. आपण एकट्या नाही आहात.' हे वाक्यही तिचेच होते. लोकांना धीर यावा म्हणून तिने ते तीनदा बदलून लिहिले होते.

वकिलातीचा फोन नुसता वाजत राहिला. जुईच्या फोनवरून तिने साताऱ्याला मुकादमांना गाठले.

"साहेब, रेषा वर न्या. काहीही करा."

मुकादम म्हणाले, "ताई, ती आपल्या हातात कुठे ठेवलीय आपण? किल्लीच नाही."

"मग तुम्ही जुईच्या खात्यावर टाका."

"टाकले असते हो. तिचं खातं उघडत नाही म्हणता. आणि मला तरी कुठे सोडेल यंत्र? माझ्या मांडीवर खेळलीय ती. माझे हात बघा कसे..." पलीकडे ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "शांत व्हा ताई. पाणी प्या. दम खा. तेवढंच आहे आता."

गुंगीची गोळी घेऊन भागणार नव्हते. चोर गुंगीही देतात, म्हणून केतकीने यंत्राला तीही ओळखायला शिकवले होते. ती पाणी प्यायली. डोळे मिटून श्वास मोजू लागली. ओवीचा निरोप ऐकला तर जीव थाऱ्यावर येईल, असे वाटून तिने तो कानाला लावला. 'मला एक फोन करण्यापुरतं' हे शब्द आले आणि ती तिथेच फरशीवर बसली.

रखवालदार खुर्ची घेऊन आला. "कोण आहे आजारी?" त्याने विचारले.

"माझी लेक."

म्हाताऱ्याने यंत्राकडे बोट केले आणि मान हलवली. "माझी बायको आजारी होती, तेव्हा यानं मलाही दिले नाहीत. चांगलं यंत्र आहे म्हणतात. चोरांना देत नाही. पण चोर कुठे घाबरतो, बाई?" त्याने खिशातल्या होत्या नव्हत्या नोटा काढून जुईच्या हातात कोंबल्या. त्या फार थोड्या होत्या.

केतकी पुन्हा उठली. पुन्हा नकार. समोर एक पर्यटक आला, शीळ घालत पैसे काढले आणि गेला. केतकी त्याच्यामागे धावली, हात जोडले, पदर पसरावा तशी ओढणी पसरली. तो दचकून बाजूला झाला. परक्या गावात रडत अंगावर येणाऱ्या बाईपासून दूर राहायचे, हे त्यालाही कुणीतरी सांगितले असणार.

खिडकीतले ऊन कलले होते. केतकीने यंत्रासमोर उभे राहून तळहात पट्टीवर ठेवला आणि तो काढायचाच नाही असे ठरवले. कधीतरी हा हात थकेल. कधीतरी नाडी दमेल. तांबडा दिवा तिच्या बोटांवर पडत राहिला. मनातल्या मनात ती म्हणत होती, थांब बाळा, एवढा एक आकडा खाली येऊ दे.

मागे जुईचा फोन वाजला.

जुई नुसती ऐकत राहिली. मग तिने भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसली. केतकीने मागे वळून पाहिले. विचारायची गरज उरली नव्हती.

कुठे काही हलले नाही. बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होते. केतकीला ते स्पष्ट ऐकू येत होते. आपला घाम सुकल्याचे तिला जाणवले. छातीतली धडधड कुणीतरी उचलून नेली होती. तिने आपल्या हाताकडे पाहिले. तो अजून पट्टीवरच होता आणि दगडासारखा स्थिर होता.

दिवा हिरवा झाला.

'आपण शांत आहात,' पडद्यावर अक्षरे उमटली. 'आपण सुरक्षित आहात. रक्कम सांगा.'

केतकी ती अक्षरे वाचत राहिली आणि तिला इस्पितळातला तो बोळ दिसला. टोकाची खिडकी, खिडकीखालचा बाक. नाडी संथ, हात स्थिर. पट्टीवर हात ठेवाल का म्हटले, की ठेवत. कशासाठी, म्हणून एकानेही विचारले नव्हते. ती माणसे कुणाला घरी न्यायची वाट पाहत होती, ते तिला आता कळले.

"काकू," जुई खालूनच म्हणाली, "काकू, बसा हो इथे माझ्याजवळ."

केतकी बसली नाही. दरड उपसली की रस्ता सुरू होईल. गाडी करावी लागेल. वर जाताना दोघी आणि येताना तिघी. तिने रक्कम सांगितली. एक आकडाही चुकला नाही.

यंत्राने नोटा मोजल्या आणि अगदी आपलेपणाने विचारले, 'हिशेब रुपयांत करून देऊ का?'

केतकीने 'नाही' दाबले. ओवीने सांगून ठेवले होते.