पाठींच्या भिंतीमागची चढाई

ओळखा पाहू: सबंध सामना दिसतो, पण ज्यासाठी आलो ती शेवटची चढाईच दिसत नाही, अशी जागा कोणती?

चंद्रावर टपाल पोचायला लागलं त्या वर्षी हे कोडं मला माझ्या शेजारच्या ऊर्वी चौगुलेनं घातलं, तेही दात-ओठ खात. ऊर्वी चाकाच्या खुर्चीवरून फिरते. तिची ताई केतकी आमच्या कबड्डी संघाची चढाईपटू. आणि आमच्या गावची रीत अशी, की शेवटच्या चढाईला घरची खेळाडू मधली रेषा ओलांडते तेव्हा सगळे प्रेक्षक उभे राहतात आणि तिच्याबरोबर दम धरतात.

क्रीडागृह नवंकोरं होतं. खुर्चीवाल्यांसाठी खास जागा होती. हारतुऱ्यांनी तिचं उद्घाटनही झालेलं. पण उपांत्य सामन्यात सगळे उठले आणि ऊर्वीपुढे उरल्या नुसत्या पाठी. एका सदऱ्यावरचा चहाचा डाग तिला पाठ झाला. ताई जिंकली हे तिला टाळ्यांवरून कळलं.

"रविवारी अंतिम सामना आहे, आजोबा. त्यानंतर ताई नोकरीला परगावी जाणार. मला पाठी बघायच्या नाहीत."

तेव्हा माझ्याकडे घरंगळ ग्रहावरचा पाहुणा मुक्कामाला होता. (हसू नका. तुमच्याकडे कुणी येत नाही, त्याला मी काय करू?) कलिंगडाएवढा आणि कलिंगडासारखाच गोल. तिकडे सगळेच गडगडत फिरतात, त्यामुळे पायरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आम्ही क्रीडागृहात गेलो तेव्हा दारातल्या पायऱ्यांशी तो थबकला आणि ही भिंत कुणाला अडवायला घातली, असं त्यानं विचारलं.

"मला," ऊर्वी म्हणाली.

व्यवस्थापक नेर्लेकर स्वभावानं गोड. लोकांना बसायची विनंती करू, म्हणाले. दम धरलेला माणूस विनंती ऐकतो थोडाच? मग म्हणाले, मोठा पडदा लावू.

"पडदा घरीही आहे, काका. तिथे पायऱ्या तरी नाहीत."

पाहुण्यानं पोटातून प्रकाशाचा एक दोरा काढला. एक टोक ऊर्वीच्या डोळ्याशी धरलं, दुसरं मैदानाच्या मधल्या रेषेवर. ही तिची दृष्टिरेषा (डोळा आणि पाहायची वस्तू यांना जोडणारी सरळ रेघ). नेर्लेकरांना पुढच्या आसनावर बसवलं, तर दोरा त्यांच्या डोक्यावरून गेला. उभं केलं, तर थेट पाठीत अडला. उद्घाटनाला सगळे बसलेले होते ना. जागा तपासली ती बसलेल्या लोकांत. आपल्याच गावची रीत मोजायला आपणच विसरलो.

मग पाहुण्यानं ऊर्वीला खुर्चीसकट अलगद हवेत उचललं. दोरा पाठीवरून मानेवर सरकला, मानेवरून टकलावर, आणि अखेर टकलावरूनही सुटला. ऊर्वीची चाकं तेव्हा जमिनीपासून कमरेइतकी उंच होती.

एवढा उंच चौथरा आता कुठून आणायचा, असं नेर्लेकर पुटपुटले. पाहुणा गडगडत गेला तो प्रमुख पाहुण्यांचे सोफे मांडलेल्या मंचापाशी. बरोबर कमरेइतका उंच. तिथून दोरा ताणला, तर कुठेही अडला नाही.

ऊर्वी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे रेघ मोजता येत होती. तुम्ही ती सोफ्यांसाठी मोजलीत."

 नेर्लेकरांनी त्याच दुपारी सोफे खाली उतरवले.

मंचालाही दारासारख्याच पायऱ्या होत्या. मांडववाल्यांनी दोन्हीकडे फळ्यांचे आखूड उतार ठोकले, ते पाहुण्यानं उखडायला लावले. एक हात वर जायचं तर बारा हात लांबी हवी. त्याहून कमी म्हणजे घसरगुंडी. शिवाय शेजारी मैत्रिणींची आसनं हवीत. माणसाला एकटं कोपऱ्यात उभं करणं म्हणजे वाहनतळ झाला. याला म्हणतात सर्वसमावेशक रचना (कुणालाही न वगळता, आधीच विचार करून केलेली मांडणी).

रविवारी नव्या लांब उतारांवरून गुडघेदुखीवाली अर्धी आळी वर चढली. शेवटच्या चढाईला सगळे उठले, दम धरला. ऊर्वीच्या रेघेत कुणी आलं नाही. केतकीनं दोघींना शिवलं, वळली आणि पकडली गेली. बोटं रेषेपासून वीतभर दूर. संघ हरला.

परतताना ऊर्वीनं ताईला धारेवर धरलं. 

"डाव्या कोपऱ्याकडे पाठ का केलीस? तिथली बचावपटू केव्हाची वाकून बसली होती."

"तुला काय कळतंय?"

"सगळं. मी पाहिलंय."

आमच्या आळीपर्यंत दोघी कडाकडा भांडत आल्या. इतक्या खुशीत भांडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता शेजारच्या गावात नवं क्रीडागृह व्हायचंय. तिथे ऊर्वीला बोलावणं आलंय. उद्घाटनाला नव्हे, पाया खणायच्या आधी.