सातव्या टोपलीचा पार

डिस्क भिंतीवरून भिरभिरत आली आणि खाटेवर वाळत घातलेल्या मुंगवड्यांच्या मधोमध पडली. ओल्या वड्या चारी बाजूंना उडाल्या.

उन्नती नुकतीच शाळेतून आली होती. गळ्यातली शिट्टीही तिनं अजून काढली नव्हती. तिनं वाकून ती वस्तू उचलली. ताटलीएवढी, नारिंगी, जाड कडेची. कड तळव्यात बसली आणि बोटं आपोआप तिच्याभोवती वळली...

"सॉरी, सॉरी... वो मेरी डिस्क..." फाटकाशी एक तरुण उभा होता. धापा टाकत, कपाळावर चुनखडीची पांढरी धूळ.

"तुमच्या डिस्कनं आईच्या मुंगवड्या उडवल्या," ती म्हणाली.

मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. "तुमी मराठी?"

"घरात. बाहेर हिंदी."

"मग मी घरात येऊ का? म्हणजे... वड्या वेचायले."

उन्नती हसली नाही, पण तिला मान खाली घालावी लागली. मग ती म्हणाली, "बाजूला सरका." एक पाऊल मागे, कमरेतून एक गिरकी, आणि डिस्क भिंतीवरून, रस्त्यावरून, मैदानातल्या मोहाच्या झाडांवरून सरळ गेली. गेली ती जातच राहिली.

तो डिस्क आणायला धावला नाही. तिच्याकडेच पाहत राहिला.

"हे कुठं शिकल्या तुमी?"

"कुठं नाही," ती म्हणाली आणि तिनं फाटक लावून घेतलं.

आत जाऊन तिनं उजवा खांदा डाव्या हातानं घट्ट दाबून धरला. काही वर्षांपूर्वी उन्नती थाळीफेकीत राज्याकडून खेळत होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या सरावात खांद्याचा स्नायू आतून फाटला. रायपूरला ऑपरेशन झालं. रोजच्या कामाला हात चालेल, फेकणं सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती नंदिनी नगरला, चुनखडी खाणीच्या टाउनशिपमधल्या घरी परतली, शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि त्या दिवसापासून त्या घरात थाळीचं नाव कुणी काढलं नाही. आईनं नाही, बाबांनी नाही. तिनंही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तो परत आला. हातात मुगाच्या डाळीची पिशवी होती.

"जय भीम, काका," त्यानं उन्नतीच्या बाबांना, बळीरामांना हात जोडले. "मी रोशन. भिलाईच्या स्मृति नगरचा. काल काकूच्या वड्यांचं नुकसान झालं माझ्या हातून."

बळीरामांना पोरगा आवडला. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी निवांत बोलणारं कुणी भेटत नव्हतं. रोशन भिलाईत एका ड्रॉइंग ऑफिसात कामाला होता. बंगळुरूत नोकरी करताना त्याला डिस्क गोल्फ या खेळाचा नाद लागला. परत आल्यावर टाउनशिपच्या क्लबाच्या मागे लागून त्यानं क्वार्टरांमागची रिकामी पडलेली जागा मिळवली. सायकलच्या जुन्या रिमा आणि साखळ्या वेल्ड करून मित्राच्या वर्कशॉपात नऊ टोपल्या बनवल्या. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची. एवढाच खेळ.

"मग अडलं कुठं?" बळीरामांनी विचारलं.

"पार ठरवायचा आहे, काका. चांगला खेळाडू चूक न करता खेळला, तर टोपली किती फेकींत व्हायले पाहिजे, तो आकडा. प्रत्येक टोपलीजवळ पाटीवर लिहावं लागते." मग तो उन्नतीकडे वळला. "पण चांगला खेळाडू आहे कुठं? मी तर साधाच फेकतो. माझ्यावरून ठरवलं तर सगळं सोपं होऊन जाईल. क्लबचे सेक्रेटरी अरुणकुमार साहेब म्हणतात, सब जगह तीन लिख दो, खत्म करो. तसं कसं लिहू? काल तुमची फेक पाहिली..."

उन्नतीची आई, सुजाताबाई, चहाचा कप ठेवता ठेवता थांबल्या. बळीरामांनी मुलीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"येईन मी," उन्नती म्हणाली.

मैदान तिचं लहानपणापासूनचं होतं. तरी रोशनसोबत चालताना ते नवं दिसू लागलं. शाळा सुटली की ती तिथं जायची. साखळ्यांवर डिस्क आदळली की खळकन आवाज व्हायचा आणि तारेवरचे पोपट उडायचे. पहिल्या टोपलीचा पार तीन ठरला, दुसरीचाही तीन. चौथीवर दोघांचं वाजलं.

"झाडाची फांदी आडवी येते," रोशन म्हणाला. "चार."

"फांदीच्या खालून फेकायची."

"सगळ्याइले जमन का?"

"तुमीच म्हणता, चांगल्या खेळाडूले जमलं पाहिजे." तिनं फांदीखालून फेकून दाखवलं. "तीन."

"तुमच्यापुढं बोलता येत नाही."

"मग नका बोलू."

"नाही बोललो तर तुमी लवकर घरी जाता..."

तिनं डिस्क उचलायचं निमित्त करून पाठ फिरवली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या संध्याकाळनंतर केव्हातरी 'तुमी'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं, ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

सातवी टोपली सगळ्यांत अवघड होती. खाणीच्या जुन्या खड्ड्यात पाणी साचून तळं झालं होतं. अलीकडच्या काठावरून फेकायचं आणि टोपली पलीकडे, साजाच्या म्हणजे ऐनाच्या झाडांत. रोशन पाण्याला वळसा घालत काठाकाठानं जायचा. त्याला कधी चार फेकी लागत, कधी पाच.

उन्नतीनं वळसा घातला नाही. ती मागे गेली, धावत आली, फिरली. डिस्क पाण्यावरून निघाली, वाऱ्यावर जराशी कलली आणि थेट झाडांत शिरली. पलीकडे जाऊन तिनं पुढच्या दोन फेकींत टोपली केली.

"तीन," रोशन हलक्या आवाजात म्हणाला. "परत फेकशील? एकदा तर योगायोगही असू शकते."

ती परत फेकू लागली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. पाण्यावरून डिस्क जाताना रोशन डिस्ककडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाही. ते तिला कळत होतं. रात्री खांदा ठणकायचा. ती उशी दुमडून खांद्याखाली घ्यायची आणि सकाळी गप्प राहायची.

मग एका संध्याकाळी ती मैदानावर आलीच नाही. रोशन घरी गेला, तर फाटकात सुजाताबाई उभ्या होत्या.

"झोपली आहे ते," त्या म्हणाल्या. "सकाळी तिले केस विंचरता नाही आले. मी विंचरून दिले. बाबू, तू तिच्याकडून काय फेकून घेऊन राहिला? तिच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आहे, तुले माहीत नाही का?"

रोशनला माहीत नव्हतं. सुजाताबाईंनी तिथंच, फाटकाला धरून, सगळं सांगितलं.

आठवडाभरानं खांद्याचा ठणका उतरला, तेव्हा उन्नती मैदानावर गेली. पाट्या रंगवून लागल्या होत्या. सातवीवर 'पार ४' लिहिलं होतं. शेजारच्या दगडावर रोशन बसला होता. तिला पाहून तो उठला.

"हे चार कोणं केले?"

"मी."

"मी तीनमध्ये करून दाखवलं होतं. ते खोटं होतं का?"

"नाही."

"मग? आईनं सांगतलं म्हणून?"

"तू मले कावून नाही सांगतलं, उन्नती? मी परत फेक, परत फेक म्हणत होतो, आणि तू..."

"सांगतलं असतं तर तू फेकू दिलं असतं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ऑपरेशन झाल्यापासून सगळे माझ्या खांद्याकडे पाहतात. तू फेकीकडे पाहिलं. मले किती बरं वाटत होतं, तुले काय माहीत. आणि आता तू बी इथं चार लिहून मोकळा. चांगला खेळाडू पाहिजे होता तुले. मी चांगली खेळाडू आहे, का बिचारी, ते सांग आधी."

रोशन एक पाऊल तिच्याकडे आला.

"तुझ्याएवढं चांगलं फेकताना मी कोणाले पाहिलं नाही," तो म्हणाला. "पण पार म्हणजे एकदा जमलं ते नाही. चांगला खेळाडू आज फेकन, उद्या उठून परत तीच फेकन, आणि त्याच्या आईले त्याचे केस विंचरावे लागणार नाहीत... तो आकडा पाहिजे. दया करून नाही लिहिलं मी. पण तुले न विचारता लिहिलं, ते चुकलं."

तळ्यावरून थंड वारा आला. उन्नती पाटीकडे पाहत राहिली. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच ते सोसवत नव्हतं.

"डिस्क दे," ती म्हणाली.

"उन्नती..."

"दे. पाण्यावरून नाही फेकत."

तिनं धाव घेतली नाही, गिरकी घेतली नाही. कोपरापासून, हलक्या हातानं, काठाकाठानं फेकली. मग तिथून पुढे. तिसरी फेक टोपलीजवळ पडली आणि चौथी साखळ्यांवर वाजली. ती परत आली. खांद्यातून कळ आली नव्हती.

"चारच बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी ठरवलं म्हणून. तू लिहिलं म्हणून नाही."

"तू ठरवलं म्हणून," तो म्हणाला.

उद्घाटनाला दुर्ग-भिलाईहून बरीच माणसं आली. अरुणकुमारांनी फीत कापली. बळीराम पांढरा शर्ट घालून सगळ्यांना टोपल्या दाखवत फिरत होते. सातवीवर गर्दी जास्त होती. जो तो वळसा घालून जात होता. मग दुर्गच्या मोहन नगरचा अमरदीप नावाचा एक दणकट खेळाडू पुढे आला. त्यानं पाण्याकडे पाहिलं, धाव घेतली आणि डिस्क थेट पलीकडे झाडांत टाकली. टोपली त्यानं तीनमध्ये केली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उन्नतीनंही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मग ती हळूच मागे सरकली आणि साजाच्या झाडांमागे जाऊन उभी राहिली. रोशन तिच्यामागून आला तेव्हा ती रडत होती. आवाज न करता, दोन्ही हात खाली सोडून.

"आता समजवू नको मले," ती म्हणाली.

"नाही समजवत."

"ऑपरेशन झालं तेव्हा मी रडलीच नाही. आई-बाबाइले त्रास होईल म्हणून. त्याइनं पण नाव नाही काढलं, मले त्रास होईल म्हणून. सगळे एकमेकाइले सांभाळून राहिले, आणि माझं रडायचंच राहून गेलं. आज त्याची डिस्क जाताना पाहिली... आता तशी मी कधीच फेकणार नाही, रोशन."

"हाव," तो म्हणाला. ते खरं होतं, आणि त्यानं ते खोटं पाडायचा प्रयत्न केला नाही. ती रडत होती तोवर तो तिथंच उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"तू कधी विचारणार होता मले?" ती म्हणाली.

"काय?"

"जे रोज फाटकापर्यंत येऊन गिळून टाकतो ते."

त्याचे कान लाल झाले. "भीती वाटत होती. तुले वाटलं असतं, हा बी खांद्यावर दया करून राहिला."

"आता नाही वाटत."

"मग... मी घरी काकाशी बोलू का?"

"आधी माझ्याशी तर बोल."

तो बोलला. तीनचार शब्दच होते, तेही अडखळत. मग त्यानं हात पुढे केला, तिचा धरला नाही, फक्त पुढे करून थांबला. उन्नतीनं आपला उजवा हात त्यात ठेवला.

"हळू धर," ती म्हणाली. "हाच दुखतो."

त्यानं हळू धरला.

झाडांपलीकडून बळीराम त्यांना शोधत आले आणि दोन पावलांवर थबकले. उन्नतीनं हात सोडवला नाही. बळीरामांनी तिचे सुजलेले डोळे पाहिले, मग तो धरलेला हात पाहिला.

"चला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. "आठव्या टोपलीवर लोक तुमची वाट पाहून राहिले."